खुराड्यातला गोल्फचा चेंडू

अशी कल्पना कर, की तू कोंबडी आहेस. हसून झालं की नीट कल्पना कर. ऊन अंगणात उतरलंय, तुझ्या पोटात अंडं तयार आहे आणि ते घालायला तुला जागा हवी आहे. तू खुराड्यात वाकून बघतेस. तिथे गवतात एक अंडं आधीच पडलेलं आहे. तुला बरं वाटतं. इथलं अंडं कुणी पळवलेलं नाही, म्हणजे जागा चांगली. तू ऐसपैस बसतेस.

कोंबडीला आकडे येत नाहीत, पण रिकामी जागा आणि भरलेली जागा यांतला फरक तिला कळतो. म्हणून आपल्याकडे अंडी उचलताना एक मागे ठेवतात. सगळी उचलली तर ती रुसते आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुंपणात जाऊन अंडं घालते. मग घरातले सगळे काट्यांत हात घालत फिरतात.

आता कल्पना बदल. आता तू धामण आहेस. माणसापेक्षा लांब, अंगात विष नाही, पण भूक पुष्कळ. तुला हात नाहीत. जिभेने हुंगत हुंगत तू खुराड्याच्या फटीतून आत शिरतेस. समोर गोल, गुळगुळीत, अजून थोडं उबदार असं काहीतरी लागतं. त्याला कोंबडीचा वास आहे. तू जबडा उघडतेस.

काय गिळलंस ते तुला माहीत नाही. प्राप्तीला माहीत होतं, आणि म्हणूनच त्या रविवारी तिला एका जागी बसवत नव्हतं.

प्राप्ती अकरा वर्षांची. चौलच्या अलीकडे एका वाडीत ती आपल्या आजीजवळ, मनुबाईजवळ राहते. आईबाबा सकाळी अलिबागला कामाला जातात, रविवारीसुद्धा, ते संध्याकाळीच येतात. घराच्या एका अंगाला सुपारीची बाग, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, आणि शेतांच्या पलीकडे टेकडीच्या उतारावर बंगल्यांची नवी वसाहत झाली आहे. त्या वसाहतीत गोल्फचं मैदान आहे. प्राप्तीची हेमांगीआत्या तिथे गवत राखायच्या कामावर आहे. मैदानावरची माणसं लांब दांड्याने चेंडू मारतात आणि दूरच्या एका खळग्यात घालायचा प्रयत्न करतात. पुष्कळदा तो खळग्यात न जाता कुंपणावरून उडून भाताच्या खाचरात पडतो. भात कापून झालं की मुलं असे चेंडू वेचतात.

गोल्फचा चेंडू तू हातात घेतला नसशील तर सांगतो. लहान अंड्याएवढा, पांढरा, टणक, वजनालाही अंड्यासारखाच. फक्त अंगभर छोटे छोटे खळगे असतात, देवीचे व्रण असावेत तसे.

तर प्राप्तीच्या मनात आलं, मागे ठेवलेलं अंडं फुकट जातं, उन्हाने कुजतं. त्याच्या जागी हा चेंडू ठेवला तर? तिने ठेवला. कोंबडीने मान वाकडी करून त्याच्याकडे बघितलं, चोचीने दोनदा टोचलं आणि त्याच्यावर बसून शांतपणे अंडं घातलं.

आजीला इतका आनंद झाला की सुपारी सोलायला बायका जमल्या तेव्हा तिने दुसरा विषयच काढला नाही.

"पोरीचं डोकं बघा! अंडं वाचलं न् कोंबडीबी फसली."

"मनुबाई, मलाबी दे गो असला चेंडू," रतनकाकू म्हणाली होती.

"घेऊन जा. पोरीच्या डब्यात ढीग हाय."

हे सगळं महिन्याभरापूर्वीचं. आणि आता रविवारी सकाळी खुराड्यात चेंडू नव्हता.

"आजी, चेंडू न्हाय."

"कोंबडीनं लोटला आसंल. बघ गवतात."

प्राप्तीने गवत उपसलं. खुराड्याच्या खाली बघितलं, मागे बघितलं. मग ती घरामागे उडवीकडे गेली. भाताचा पेंढा गोल रचून ठेवतात ती उडवी. तिच्या बुडाशी धामण उन्हात पडली होती. ती नेहमीची होती. उंदीर खाते म्हणून आजी तिला कधी हुसकावत नसे. एरवी माणसाची चाहूल लागली की ती सळकन पेंढ्यात शिरायची. आज तिने मान थोडी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. तिच्या अंगावर, मानेपासून वीतभर खाली, एक गोल टेंगूळ होतं. अंड्याचं टेंगूळ लांबट असतं. हे चेंडूसारखं गोल होतं.

प्राप्ती धावत पडवीत आली. पुढच्या अंगणात तिचा बाळाजीकाका खिडकीची जाळी घासत होता. त्याचं ग्रिलचं काम आहे, पुढच्या पत्र्याखालीच दुकान.

"काका! आजी! धामणीनं चेंडू गिळला!"

काकाने मशीन बंद केलं आणि तो खो खो हसायला लागला. "मंग आता ती मैदानावर जाईल बघ. जिकडं तोंड तिकडं टोला!"

"हसू नको ना. तिला हलता येत न्हाय."

"पोट भरलं की मलाबी हलता येत न्हाय," काका म्हणाला.

आजी निवांत वाल सोलत होती. "जिरंल गो. तिच्या पोटात भट्टी हाय भट्टी. आख्खा उंदीर जिरतो, शेपटीसकट. अंड्याचं कवचबी जिरतं."

"पण हा अंडं न्हाय, आजी. चेंडू हाय. तो न्हाय जिरणार."

"कशावरनं?" काकाने विचारलं. "आत काय आसतं, बघितलंस कधी?"

 प्राप्तीने बघितलं नव्हतं. इतके चेंडू वेचले, डब्यात भरले, भिंतीवर आपटले, कोंबडीच्या पुढ्यात ठेवले, पण आत काय आहे हे तिला माहीत नव्हतं. तिने धामणीच्या पोटात काय घातलं होतं, ते तिलाच माहीत नव्हतं.

ती पडवीतून उठली, उडवीपर्यंत गेली, लांबूनच टेंगूळ बघितलं, परत आली. पुन्हा गेली. वर माडावर दोन कावळे येऊन बसले होते. एक खाली उतरला आणि उड्या मारत धामणीच्या शेपटीकडे सरकला. प्राप्तीने काठी आपटून त्याला उडवला. धामण तरीही जागची हलली नाही. ते बघून ती धावत पडवीत गेली.

तिने डब्यातून एक चेंडू काढला आणि तो काकाच्या पुढ्यात ठेवला.

"काप."

"आगं, जाळी द्यायची हाय मला दुपारी."

"काका, काप ना! आत्ताच!"

काकाने तिच्या तोंडाकडे बघितलं. मग चेंडू शिकंज्यात आवळला आणि लोखंड कापायची करवत घेतली. "मागं सर. डोळे सांभाळ." पांढरा भुसा पडला, मग भुशाचा रंग बदलून केशरी झाला. करवत अडकत होती. काकाने घाम पुसला, शिव्या गिळल्या, आणि शेवटी चेंडूचे दोन अर्धे तुकडे टपकन खाली पडले.

आत पोकळ नव्हतं. द्रव नव्हता. बाहेर नखापेक्षा जरा जाड पांढरी साल आणि आत गच्च भरलेलं केशरी रबर, फणसाच्या आठळीसारखं सलग.

प्राप्तीला तसंच उभं राहू दे क्षणभर. हे रबर तिथे आलं कसं, ते तुला सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

कारखान्यात खनिज तेलापासून एक कच्चं रबर बनवतात. ते चिवट असतं, पण त्याला उसळी कमी. त्यात निरनिराळ्या भुकट्या घालून जड रुळांमध्ये ते मळतात, आपण भाकरीचं पीठ मळतो तसं. त्याचे गोळे तोडतात. एकेक गोळा लोखंडी साच्यात घालून वरून दाबतात आणि तापवतात. आता भाकरी आठव. पिठाचा गोळा कसाही वळवता येतो. एकदा भाकरी भाजली की तिचं पुन्हा पीठ होत नाही. रबराचंही तसंच होतं. त्यातले लांब लांब धागे, डोळ्यांना न दिसणारे, उष्णतेने एकमेकांना कायमचे गाठले जातात. मग ते विरघळत नाही आणि वितळतही नाही. दाबलं तर दबतं आणि सोडलं की जोराने मूळ आकाराला येतं. चेंडू लांब जातो तो या हट्टामुळे.

त्या गोळ्यावर मग टणक प्लास्टिकची साल चढवतात. साचा दोन तुकड्यांचा, आपल्या मोदकाच्या साच्यासारखा. मधोमध रबराचा गोळा, त्याला चहूबाजूंनी बारीक खिळ्यांचा आधार, आणि उरलेल्या जागेत पातळ केलेलं गरम प्लास्टिक. ते घट्ट व्हायच्या आत खिळे मागे खेचतात, म्हणजे भोकं राहत नाहीत. साच्याच्या आतल्या अंगाला बारीक फुगवटे असतात. मोदकाच्या साच्यातली रेघ मोदकावर उलटी उठते ना? तसा साच्यातल्या प्रत्येक फुगवट्याचा चेंडूवर खळगा होतो. शेवटी सांध्याची कड घासतात, रंग देतात, नाव आणि आकडा छापतात, वर चकाकी चढवतात.

खळगे शोभेचे नाहीत. गुळगुळीत चेंडू हवेत गेला की हवा त्याला लवकर सोडून देते आणि मागे भोवरे उठतात. ते भोवरे चेंडूला मागे ओढतात. खळग्यांमुळे हवा चेंडूला अधिक वेळ चिकटून राहते, मागची ओढ कमी होते, आणि चेंडू जवळपास दुप्पट लांब जातो. हे कुणी आधी कागदावर मांडून काढलं नव्हतं. फार पूर्वी चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसं ठासून चेंडू करत. पुढे झाडाच्या चिकाचे करायला लागले. तेव्हा खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं, की नव्या कोऱ्या चेंडूपेक्षा ठोकून ठोकून खरखरीत झालेला चेंडू चांगला उडतो. मग ते मुद्दामच चेंडूवर खुणा पाडायला लागले.

प्राप्तीला मात्र यातलं काही ऐकायला वेळ नव्हता. तिच्या हातात रबराचा अर्धा गोळा होता आणि डोक्यात एकच प्रश्न. पोटातल्या आंबटाने हा विरघळेल का?

आंबट म्हटल्यावर तिला आगळ आठवलं. कोकमाचं आगळ जिभेवर ठेवलं तरी दात आंबतात. तिने फळीवरची बाटली काढली, दोन वाट्यांत आगळ ओतलं. एका वाटीत अंड्याचं कवच टाकलं, दुसरीत चेंडूचा अर्धा तुकडा.

"आगं, माज्या सोलकढीचं आगळ!" आजी ओरडली.

"थांब ना आजी, बघ."

कवचावर बारीक बुडबुडे आले. मग खूप आले, कवच त्यांच्यासकट वर तरंगलं. दुसऱ्या वाटीत काहीच झालं नाही. प्राप्ती उडवीकडे जाऊन आली. कावळे आता चार झाले होते. ती परत वाटीपाशी आली. कवच कडेला मऊ पडायला लागलं होतं, आगळात फेस होता. चेंडूचा तुकडा होता तसाच, फक्त लाल झालेला. तिने तो बोटांनी दाबला, दातांनी चावून बघितला, नखाने खरवडला. पुन्हा वाटीत टाकला. पुन्हा उडवीकडे गेली.

ती तिसऱ्यांदा परत आली तेव्हा वाल बाजूला ठेवून आजीच वाटीपाशी बसली होती. तिने बोटाने कवच दाबलं, ते भिजल्या पापडासारखं वाकलं. मग तिने चेंडूचा तुकडा उचलला, उजेडात धरला, पुन्हा ठेवला.

"बाळाजी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज वेगळा होता, "त्या साप धरणाऱ्या पोराला फोन लाव."

निकेतचा नंबर काकाकडे होता. गेल्या पावसात त्यानेच गोठ्यातला नाग पकडून नेला होता. फोनवर मागून गाड्यांचा आवाज येत होता.

"मी पालीला आहे, काका. इथलं काम उरकलंय, निघतोच. तोवर तिला कुणी हात लावू नका. पाणीबिणी ओतू नका. लांबून नजर ठेवा फक्त."

"किती वेळ लागेल, विचार ना," प्राप्ती काकाचा शर्ट ओढत होती.

"येतोय तो. हेलिकॉप्टर हाय का त्याच्याकडं?"

पालीहून चौलपर्यंतचा रस्ता काही जवळचा नाही. ऊन चढत गेलं. आळीतली मुलं जमली. एकाच्या हातात दगड दिसला तेव्हा आजी अशी काही त्याच्या अंगावर गेली, की तो दगड टाकून थेट बागेत पळाला. प्राप्ती उडवीपासून लांब, सुपारीच्या सावलीत काठी घेऊन उभी होती. कावळा उतरला की आपटायची. उभं राहवेना म्हणून बसायची, बसवेना म्हणून उठायची. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की फाटकापर्यंत धावायची आणि परत फिरायची. एकदा धामणीने अंग ओढून पेंढ्याच्या फटीत शिरायचा प्रयत्न केला. डोकं आत गेलं, मान गेली, आणि टेंगूळ फटीशी अडलं. ती तशीच थांबली, मग हळूहळू मागे आली. तिला तोंड उघडून पुन्हा मिटताना बघितलं तेव्हा प्राप्तीने डोळे पुसले आणि काठी अशी आपटली, की जवळ कावळा नव्हता तरी वरचे सगळे उडाले.

"जेव गो दोन घास," आजी म्हणाली.

"नको."

"तू उपाशी ऱ्हायलीस म्हणून तिच्या पोटातला जाणार हाय का?"

"नको म्हटलं ना!"

निकेत आला तेव्हा एकटा नव्हता. मागच्या सीटवर डॉक्टर विनिता होत्या, जनावरांच्या डॉक्टर, मांडीवर मोठी पेटी घेऊन. निकेतने वनखात्याला फोन करून कळवलं, मग चपला काढून पावलं न वाजवता उडवीकडे गेला. धामणीने फार झटापट केली नाही. हे चांगलं लक्षण नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसलं.

पडवीत चादर पसरली. निकेतने डोकं धरलं आणि त्याने सांगितलं तसा काकाने शेपटीकडचा भाग धरला. काका आता हसत नव्हता. डॉक्टरांनी टेंगळावरून बोटं फिरवली.

"अजून फार खाली गेलेला नाही. वर आणता येईल. पण मला एक सांगा, याच्या आत काय असतं? काही जुन्या चेंडूंत मधे द्रव भरलेला असायचा. दाबताना फुटला तर पंचाईत."

कुणी बोलायच्या आत प्राप्तीने आगळात भिजलेला अर्धा चेंडू त्यांच्यासमोर धरला. "भरीव हाय. रबर. त्याच डब्यातला, त्याच मैदानावरचा. आम्ही कापला."

डॉक्टरांनी तो बघितला, नखाने टोचला. "साल किती जाड आहे तेही कळलं. छान. आता तू खांबापाशी उभी राहा, आणि अजिबात बोलू नकोस."

अजिबात न बोलणं प्राप्तीला किती जड गेलं असेल, याची कल्पना तू कर. डॉक्टरांनी बारीक नळीने धामणीच्या घशात औषधी तेल सोडलं. मग बोटांनी, अगदी हलक्या हाताने, टेंगूळ वर सरकवायला सुरुवात केली. थोडं सरकवायचं, थांबायचं. पुन्हा थोडं. एकदा ते निसटून परत खाली गेलं आणि आजीने तोंडावर पदर धरला. प्राप्तीने खांबाला इतकं घट्ट धरलं होतं, की चुन्याची पुटं तिच्या तळहाताला चिकटली. पुन्हा वर. पुन्हा थांबणं. धामणीचा गळा ताणला गेला, जबडा उघडला, आणि चेंडू चादरीवर पडून गडगडत खांबापर्यंत आला.

तो तेलाने आणि लाळेने माखला होता. आजीने केळीच्या पानाने तो उचलून पुसला. पांढरा स्वच्छ. छापलेला आकडासुद्धा जसाच्या तसा.

"एक वरखडाबी न्हाय," ती हळूच म्हणाली.

"जगेल ना?" प्राप्तीने विचारलं.

"दोन-तीन दिवस माझ्याकडे ठेवू. पाणी पिऊन तरतरीत झाली तर निकेत तिला इथेच आणून सोडेल," डॉक्टर म्हणाल्या. "नक्की जगेल असं आज सांगत नाही. पण आणखी एक दिवस गेला असता, तर मात्र नसती जगली."

निकेतने धामण कापडी पिशवीत घातली, तोंड बांधलं. आजीने चहा टाकला. सगळे जरा सैल झाले. काका परत विनोद करायला लागला.

"पण कल्पना कुणाची ही?" निकेतने हसत विचारलं. "खुराड्यात चेंडू?"

"माजी," प्राप्ती म्हणाली.

"आणखी कुणी ठेवलाय का गावात असा? आता उन्हाळ्यात साप अंड्यांसाठी रोज फिरणार."

आजीच्या हातातलं गाळणं कपावर तसंच थांबलं. तिने प्राप्तीकडे बघितलं, आणि दोघींना एकदमच सुपारी सोलायला जमलेल्या बायका आठवल्या. रतनकाकू. शेजारच्या साक्षीची आई. खालच्या आळीतल्या दोघी. पलीकडच्या वाडीत कुणी कुणाला दिला असेल, ते तर ठाऊकही नव्हतं.

"चहा घे आधी, मग जा," आजी म्हणाली. "उन्हं उतरू दे जरा."

पण प्राप्ती पायरी उतरून गेली होती. रतनकाकूच्या अंगणात काकू दुपारची लवंडली होती. कुत्रं भुंकलं तशी ती उठून बसली.

"काय गो? काय झालं?"

"काकू, तुमचा चेंडू द्या. साप मरतो."

"सकाळीच तर कोंबडी बसली त्याच्यावर. मी आता तिला काय सांगू?"

"अंडं ठेवा. एक अंडं सोडा तिला."

काकू पुढे आणखी काही बोलत होती. प्राप्ती गुडघ्यांवर बसली, खुराड्याचं दार सरकवलं, आधी आत नीट वाकून बघितलं आणि मग हात घातला. कोंबडीने तिच्या मनगटावर कचकन चोच मारली. तिने हात मागे घेतला नाही. चेंडू काढून फ्रॉकच्या खिशात टाकला, मनगट तोंडात धरून चोखलं आणि साक्षीच्या घराचं फाटक ढकललं.